काय दिसलं ते लिही

२०१७च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतल्या आमच्या घरी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कोर्टाकडून ज्युरी ड्युटीचं पत्र आलं. ज्युरी म्हणजे खटला ऐकून कौल देणारे सामान्य नागरिक. नागरिकत्वाची शपथ घेऊन मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. १९५९ साली मुंबईत आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्दोष असल्याचा कौल, तो न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवणारे न्यायाधीश, आणि त्यानंतर संपत गेलेली ती पद्धत. माझ्या जन्माआधीच देशातून गेलेल्या गोष्टीसाठी मी सकाळी आठ वाजता डबा घेऊन कोर्टाच्या हॉलमध्ये बसले होते.

दुपारी आम्हा चाळीसेक जणांना एका फौजदारी खटल्यासाठी वर नेलं. ज्युरीत कुणाला घ्यायचं ते ठरवण्यासाठी न्यायाधीश बाई एकेकाला ठरावीक प्रश्न विचारत होत्या. घरात कुणी पोलिसात आहे का? मी हात वर केला. वडील महाराष्ट्र पोलिसात होते, सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले, साताऱ्यात पोलीस लाईनमध्येच आम्ही वाढलो, असं सांगितलं. मग पुढचा प्रश्न आला. एखाद्या पोलिसाची साक्ष, केवळ तो पोलीस आहे म्हणून, तुम्ही इतरांच्या साक्षीपेक्षा जास्त किंवा कमी मानाल का?

'नाही' म्हणायला हवं होतं, माझ्या आधीचे सगळे तेच म्हणाले होते. पण डोळ्यांसमोर अण्णा आले. खाकी शर्ट काढून खुंटीला लावणारे, जेवताना एक शब्द न बोलणारे अण्णा. आणि लाईनमधले बाकीचे काकाही आले, ज्यांच्याबद्दल आई दार लावून बोलायची. मी म्हणाले, "मला माहीत नाही." न्यायाधीश बाईंनी आभार मानले आणि मला मोकळं केलं. त्या वेळी ज्युरीला दिवसाचे ५ डॉलर मिळत. ते मिळाले. तो प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

मी तेव्हा ३९ वर्षांची होते. लेक सहावीत. मी एका डेकेअरमध्ये काम करत होते आणि माझं शिक्षण एस.वाय.बी.ए.ला लग्न झालं तिथेच थांबलेलं होतं. आमच्या काउंटीचं कम्युनिटी कॉलेज घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. त्यांच्या माहितीपत्रकात 'क्रिमिनल जस्टिस', म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग यांचा अभ्यास, हा विषय दिसला आणि मी नवऱ्याला म्हणाले, मला हे शिकायचंय. तो म्हणाला, "पोलीस व्हायचंय का?" तर नव्हतं. होताही आलं नसतं. इथे बहुतेक गावांच्या पोलीस भरतीला वयाची अट ३५ची आहे. आणि ही पदवी घेतली म्हणजे कुणी पोलीस होत नाही, त्यासाठी वेगळी ॲकॅडमी असते. हे आधीच सांगते, कारण ओळखीतल्या प्रत्येकाने मला तेच विचारलं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे माझ्या मावशीला फोनवर समजावताना मी 'दोन वर्षांचं कॉलेज' म्हटलं, तर तिला वाटलं मी अकरावी-बारावी करतेय. तिचंही चूक नाही, इथेही पूर्वी त्याला ज्युनिअर कॉलेजच म्हणत. इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली यातलं पहिलं सरकारी कॉलेज निघालं. कुणालाही प्रवेश, मार्कांची कटऑफ नाही, आणि खर्चातला मोठा वाटा काउंटी आणि राज्य उचलतं. ६० क्रेडिट पूर्ण केले की असोसिएट डिग्री मिळते. ती चार वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षं धरली जातात. आम्हाला एका क्रेडिटला सगळे शुल्क धरून दीडशे डॉलरच्या आसपास पडत होते. नवऱ्याच्या पगारामुळे अनुदान बसलं नाही. डेकेअरच्या पगारातून मी सहामाहीला दोन विषय घेत गेले, उन्हाळ्यात कधी एक, आणि दोन वर्षांची पदवी चार वर्षांत केली.

सुरुवातीलाच एक ठेच लागली, तीही सांगायला हवी. असोसिएट डिग्री एकाच प्रकारची नसते. ए.ए.एस. (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) ही लगेच नोकरीला लागणाऱ्यांसाठी असते, तिच्यात भाषा, गणित, समाजशास्त्र असे सर्वसाधारण विषय कमी. ए.ए. (आर्ट्स) आणि ए.एस. (सायन्स) या पुढे विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी. न्यू जर्सीत २००७च्या कायद्यामुळे ए.ए. किंवा ए.एस. पूर्ण केली की ती राज्याच्या सरकारी विद्यापीठांत सबंध धरली जाते, ए.ए.एस.ला ती खात्री नाही. मला समुपदेशकाने पहिल्या सहामाहीत जो एक विषय घ्यायला लावला तो माझ्या ए.एस.मध्ये बसतच नव्हता. तीन क्रेडिट, साडेचारशे डॉलर आणि पंधरा आठवड्यांच्या संध्याकाळी वाया गेल्या. तक्रार करायला गेले तर तो सल्ला तोंडी होता, लेखी काहीच नव्हतं. पोलिसाची मुलगी असून मी लिहून घेतलं नव्हतं! त्यानंतर प्रत्येक सहामाहीला मी विषयांची यादी ईमेलने पाठवून 'हे सगळे माझ्या पदवीत धरले जातील ना?' असं विचारून लेखी उत्तर घेतलं. तुमच्यापैकी कुणी ही वाट धरणार असेल तर पहिल्या दिवसापासून हे करा. आणि भारतातलं अर्धवट शिक्षण असलं तरी विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रिका मागवा. माझ्या यायला पाच महिने लागले, पण त्यावर दोन विषय माफ झाले.

पहिल्या संध्याकाळी वर्गात चोवीस जण होते. बहुतेक माझ्या लेकीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे. स्टेट ट्रूपर, म्हणजे राज्य पोलीस, व्हायचं स्वप्न बघणारा एक मुलगा, कपाळावर भुवया ताणून बसलेला. रात्रपाळी करून येणारी एक तुरुंग अधिकारी, माझ्याच वयाची. आणि एक शांत मुलगा, ज्याचा थोरला भाऊ तुरुंगात आहे हे आम्हाला तिसऱ्या सहामाहीत कळलं.

शिकवायला एक निवृत्त पोलीस लेफ्टनंट होते. सत्तरीला टेकलेले, हातात कायम पिवळं लीगल पॅड. हा विषय कॉलेजात आला कसा, हे त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं. १९६०च्या दशकात अमेरिकेत शहरंच्या शहरं पेटली, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आयोग नेमला, १९६७च्या अहवालात पोलिसांना कॉलेजशिक्षण हवं अशी शिफारस आली, आणि १९६८च्या कायद्यातून पोलिसांच्या शिक्षणाला केंद्राचा पैसा मिळू लागला. त्या पैशावर देशभरच्या कम्युनिटी कॉलेजांत हे अभ्यासक्रम निघाले. "माझी डिग्री त्याच पैशातली आहे," ते म्हणाले. "दिवसा गस्त, रात्री वर्ग. गणवेश न बदलताच यायचो." मला एकदम अण्णा आठवले, ज्यांना मॅट्रिकनंतर शिकायचं होतं आणि जे पाच भावंडांसाठी भरतीला उभे राहिले.

आता रिपोर्टबद्दल लिहिते. या चार वर्षांत माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त काही बदललं असेल तर ते तिथे.

दुसऱ्या सहामाहीत रिपोर्ट लिहिण्याचा स्वतंत्र विषय होता. सरांनी तीन मिनिटांचा आवाज नसलेला व्हिडिओ दाखवला. दुकानाबाहेरचं पार्किंग, एक माणूस, एक पोलीस. जे बघितलं त्याचा रिपोर्ट लिहा. मी झरझर लिहिलं. इंग्रजी माझं दुसऱ्या भाषेचं, पण शुद्धलेखन चोख. माझं वाक्य साधारण असं होतं: 'तो माणूस दारू प्यायलेला होता, त्याने रागाने पोलिसाशी हुज्जत घातली आणि पळून जाण्याचा प्रयत्न केला.'

कागद परत आला तेव्हा व्याकरणाची एकही चूक काढलेली नव्हती. 'दारू प्यायलेला' खाली लाल रेघ आणि समासात, 'तुम्हाला वास आला का?' 'रागाने'खाली रेघ, 'राग कसा दिसतो?' 'हुज्जत'खाली रेघ, 'आवाज होता?' आणि 'पळून जाण्याचा प्रयत्न'भोवती मोठं वर्तुळ, 'किती पावलं? कोणत्या दिशेने?' खाली एकच ओळ: साखर एकदम उतरलेला मधुमेही माणूसही असाच झोकांड्या खात चालतो.

ती शेवटची ओळ वाचून मी हलले. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. एकदा पुण्यात स्वारगेटला त्यांची साखर उतरली तेव्हा लोक बाजूला सरकले होते, दारुडा समजून. मी स्वतः तिथे होते. आणि तरी मी हे वाक्य लिहिलं होतं.

त्या रात्री साताऱ्याला फोन लावला. तिकडे सकाळ. अण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझ्या मास्तरांचं. पंचनाम्यात 'वाटतं' नसतं. चतुःसीमा लिहायची. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दारापास्नं विहीर किती फूट. रक्ताचा डाग नाही लिहायचं, तांबूस डाग लिहायचं. रक्त आहे का नाही ते तपासणारा सांगंल."

चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाशी मी पहिल्यांदा त्याच्या कामाबद्दल बोलत होते. त्याआधी आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे जेवलात का, गुडघा कसा आहे, पाऊस झाला का.

मी रिपोर्ट पुन्हा लिहिला. 'पुरुष, निळं जर्किन, पांढऱ्या गाडीच्या चालकाच्या बाजूला उभा. डावा हात गाडीच्या टपावर. चालताना दोनदा तोल गेला. पोलिसाने तळहात पुढे करून थांबण्याची खूण केली. त्यानंतर त्या माणसाने गाडीच्या दाराकडे दोन पावलं टाकली.' लिहून वाचलं तर त्या माणसाबद्दल मला काहीच कळत नव्हतं, आणि दोन पावलांचा अर्थ काय हे दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं होतं. ती मोकळी जागा ठेवायला मला फार जड गेलं. शाळेपासून आपल्याला निबंध लिहायला शिकवतात, त्यात ही जागा भरून काढण्यालाच मार्क असतात.

मग तो आमचा दर रविवारचा नेमच झाला. पुराव्याची साखळी शिकले, म्हणजे जप्त केलेली वस्तू कुणाच्या हातातून कुणाकडे गेली याची अखंड नोंद. ओलसर कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे नाहीत, बुरशी धरते, कागदी पिशवीत घालायचे, तोंडावर टेप लावून टेपवर निम्मी आणि कागदावर निम्मी येईल अशी सही करायची. अण्णा म्हणाले, "आमची लाखेची सील. पुडक्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल लावायचं, वरनं दोरा, दोऱ्याच्या गाठीवर लाख. मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात देताना रजिस्टरला नंबर घ्यायचा. नंबर चुकला की केस गेलीच." लहानपणी घरात लाखेची तांबडी कांडी असायची, आम्ही ती मेणबत्तीवर धरून पाटीवर ठिपके पाडायचो आणि मार खायचो. ती कांडी कशाची होती ते मला चाळिशीत कळलं.

कायद्याच्या विषयात मी पुस्तकातला खटला वाचायचे आणि तिथेही माझी नजर कागदावरच जायची. अटक करताना पोलीस आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवतात, त्या मिरांडाचं नाव सिनेमांमुळे सगळ्यांना माहीत असतं. १९६३ साली फिनिक्समध्ये अर्नेस्टो मिरांडाला पकडलं, दोन तासांत लेखी कबुली घेतली. त्या कबुलीच्या वरच्या बाजूला छापील मजकूर होता की, मला माझ्या हक्कांची पूर्ण जाणीव आहे. आणि प्रत्यक्षात वकील मिळण्याचा हक्क आहे हे त्याला सांगितलेलंच नव्हतं. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कबुली बाद केली. वर्गात मी सांगितलं की भारतात पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध चालतच नाही, १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५. सर खुर्चीत पुढे सरकले. "चालतच नाही?" आणि इंग्रजांनीच केलेला कायदा ना तो? मग त्यांनी पिवळ्या पॅडवर लिहून घेतलं. आता नव्या साक्ष अधिनियमात ते कलम २३ झालंय, तरतूद तीच. कबुलीतून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो, हेही मी सांगितलं, आणि त्या फटीतून काय काय होतं तेही.

ज्युव्हेनाइल जस्टिसचा, म्हणजे अल्पवयीन आरोपींच्या न्यायाचा, विषय घेतला तेव्हा लेक पंधरा वर्षांची झाली होती. ॲरिझोनातला जेराल्ड गॉल्टही पंधराचाच. १९६४ साली शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून त्याला उचललं. आई कामावर होती, तिला कुणी कळवलं नाही. तक्रार करणारी बाई सुनावणीला आलीच नाही. मोठ्या माणसाला त्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद झाली असती, आणि त्या पोराला एकवीस वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षांपर्यंत, सुधारगृहात पाठवायचा हुकूम झाला. सुनावणीत कोण काय बोललं याची नोंदच ठेवलेली नव्हती. पुढे प्रत्येक कोर्टाला लोकांच्या आठवणींवर अवलंबून राहावं लागलं. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांनाही वकील, नोटीस आणि उलटतपासणीचा हक्क दिला. मी ते प्रकरण रात्री स्वयंपाकघरात बसून वाचलं आणि लेक झोपली होती त्या खोलीचं दार उघडून बघून आले.

कोर्टात बसून टिपणं काढायचीही असाइनमेंट होती. न्यू जर्सीने जानेवारी २०१७पासून पैशाचा जामीन जवळजवळ बंदच केला आहे. आरोपीबद्दल नऊ बाबी बघून तो कोर्टात हजर राहील का, पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज काढतात आणि ४८ तासांच्या आत सोडायचं की कसं ते ठरतं. अण्णांना हे खरंच वाटेना. "जामीनदार नाही? सातबारा नाही?" आपल्याकडे जामीनदार मिळत नाही म्हणून कितीजण आत बसून राहतात, हे त्यांनी आयुष्यभर बघितलंय.

बाकी विषयांवर फार लिहीत नाही. स्टॅटिस्टिक्सने रडवलं, स्पॅनिश आवडली, मार्च २०२०मध्ये सगळं ऑनलाइन झालं आणि मी वॉशिंग मशीनच्या खोलीत लॅपटॉप ठेवून शिकले.

त्याच वर्षी २५ मे रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाने गुडघ्याखाली मान दाबून धरलेल्या जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये आमचा पोलीस व्यवस्थेचा विषय सुरू झाला तेव्हा वर्गात कुणालाच काय बोलावं कळत नव्हतं. सरांनी व्हिडिओ दाखवला नाही. त्यांनी स्क्रीनवर एक कागद लावला, त्या रात्री तिथल्या पोलीस खात्याने काढलेलं पत्रक. मथळा साधारण असा: पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय घटनेनंतर एकाचा मृत्यू. आत लिहिलेलं, की संशयिताने शारीरिक प्रतिकार केला, अधिकाऱ्यांनी त्याला बेड्या घातल्या, आणि त्याला वैद्यकीय त्रास होत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. सरांनी विचारलं, यातलं कुठलं वाक्य खोटं आहे? आम्ही एकेक वाक्य घेऊन भांडलो. मग ते म्हणाले, आता यात काय नाही ते सांगा.

गुडघा नाही. नऊ मिनिटं नाहीत. माणसाचे शब्द नाहीत.

भाऊ तुरुंगात असलेल्या त्या मुलाने कॅमेरा बंद केला. तुरुंग अधिकारी असलेली माझी मैत्रीण रडत होती. सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझियरने फोनवर चित्रीकरण केलं नसतं तर तो कागदच इतिहास ठरला असता. 'वाटतं' गाळायला मी शिकले होते. जे दिसलं तेही गाळता येतं, आणि उरलेला कागद अगदी स्वच्छ, व्याकरणशुद्ध दिसतो, हे त्या दिवशी कळलं.

रविवारी अण्णांना विचारलं. फार दिवस मनात होतं. "अण्णा, तुम्ही कधी काही गाळलंत का?"

ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं फोन कट झाला.

"गाळलं नाही," ते म्हणाले. "पण पंच जागेवर मिळायचे नाहीत. माणसं कोर्टाच्या फेऱ्यांना भितात. मग ठाण्याजवळचा चहावाला, पानपट्टीवाला. पंचनामा लिहून व्हायचा आणि सह्या मागनं. ते जागेवर नव्हतेच."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

मग आपणहून एक प्रकरण सांगितलं. घरफोडीची केस, चांगला तपास केलेला. कोर्टात बचावाच्या वकिलाने पंचाला विचारलं, घराच्या मागच्या बाजूला काय आहे? पंचाला सांगता आलं नाही. कसं सांगणार, तो गेलाच नव्हता. दुसरा पंच फितूर झाला. आरोपी सुटला.

"पण त्यानंच केली होती का चोरी?" मी विचारलं.

"मला तसं वाटत होतं," अण्णा म्हणाले.

पुढे आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. माझे वडील लाचखाऊ नव्हते, कुणाला मारल्याचं मी ऐकलेलं नाही. लाईनमध्ये त्यांना मान होता. त्या रात्री मला न्यायाधीश बाईंचा प्रश्न आठवला आणि 'मला माहीत नाही' हे उत्तर मी किती सहज दिलं होतं याचं आश्चर्य वाटलं.

शेवटच्या वर्षी १२० तासांची इंटर्नशिप केली, हिंसाचाराला बळी पडलेल्यांना मदत करणाऱ्या एका सरकारी कार्यालयात. आमच्या राज्यात दक्षिण आशियाई बायकांसाठी 'मानवी' ही संस्था १९८५पासून काम करते, म्हणजे आपल्या लोकांत हे प्रश्न आहेत हे काही नवं नाही. तरीही पहिल्यांदा प्रतीक्षागृहात मराठी ऐकू आलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. तात्पुरता संरक्षण आदेश मिळालेला होता, दहा दिवसांत अंतिम सुनावणी होणार होती.

नियम असा की मी दुभाषी नाही. भाषा येते म्हणून मधे बोलायचं नाही, कोर्ट प्रमाणित दुभाषी देतं, विनामूल्य. मी तिच्याशेजारी बसायचं, पाणी द्यायचं, कुठली खिडकी, कुठला फॉर्म ते सांगायचं. पण तिच्या फाइलमधला घटनेच्या रात्रीचा पोलीस रिपोर्ट मी वाचलेला होता. त्यात लिहिलं होतं की नवऱ्याने तिला 'धरलं'. आणि ती फोनवर आपल्या बहिणीला सांगत होती, "त्यानं माझा गळा धरला गं." त्या रात्री पोलिसांसाठी इंग्रजीत सांगायला सासरचाच एक नातेवाईक उभा होता. 'गळा' तिथेच राहिला. गळा आवळणं हा इथे गंभीर गुन्हा आहे, नुसतं धरणं ही वेगळीच गोष्ट.

मी उठून वरिष्ठ बाईंकडे गेले आणि मला काय ऐकू आलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, लिहून दे. तुला काय वाटलं ते नको. मी लिहिलं: तारीख, वेळ, मी कुठे बसले होते, ती किती अंतरावर होती, तिचे मराठी शब्द जसेच्या तसे देवनागरीत, खाली अर्थ, आणि मी प्रमाणित दुभाषी नाही हेही. अर्ध्या पानाचा कागद. त्यानंतर फोनवर प्रमाणित मराठी दुभाषी घेऊन तिचा जबाब पुन्हा नोंदवला. पुढे काय झालं ते सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ती देवनागरी ओळ त्या फाइलमध्ये आहे.

मे २०२२मध्ये पदवी मिळाली. हिरव्या गाउनमध्ये घाम येत होता, लेक ओरडत होती, डेकेअरच्या मैत्रिणी आल्या होत्या. शांत मुलाचा भाऊ सुटून आला होता, तोही मागच्या रांगेत उभा होता. सर आले नव्हते, त्यांची तब्येत बरी नव्हती. त्यांना कार्ड पाठवलं.

अण्णांना फोटो गेले. ते म्हणाले, "फोटो बघितला. तुझा एखादा रिपोर्ट वाचून दाखव की. मराठीत सांग." मी तपासाच्या विषयातला निवडला, ज्यात वीसपैकी अठरा मिळाले होते. कॉलेजच्या मागच्या बाजूला संध्याकाळी आठ वाजता रचलेली खोटी घरफोडी: फुटलेली काच, पायाचे ठसे, आणि समोरच्या बाकावरून चोराचा चेहरा बघितल्याचं सांगणारा साक्षीदार. मी एकेक ओळ मराठी करत वाचत गेले. अंतरं फुटांत केली. चतुःसीमा आवर्जून सांगितल्या.

ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "उजेड कुठनं होता?"

"काय?"

"अंधार पडल्यावरचं म्हणतीस. साक्षीदारानं चेहरा बघितला म्हणतीस. मग उजेड कशाचा? खांबावरचा का दारावरचा? किती फुटावर?"

माझ्या कानशिलाशी गरम झालं. २०११ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हेंडरसन खटल्यात, डोळ्यांनी बघितलेल्या साक्षीवर किती विसंबायचं हे ठरवताना काय काय तपासायचं याची यादीच दिली आहे. अंतर, ताण, वेळ, उजेड. ती यादी मी परीक्षेत पाठ लिहिली होती. सरांच्याही नजरेतून ते सुटलं होतं, नाहीतर अठरा मिळाले नसते.

फोन तसाच ठेवून मी लॅपटॉप उघडला आणि त्या संध्याकाळचे फोटो काढले. सगळे फ्लॅशचे. एका फोटोत मागच्या दारावर दिवा दिसत होता. मी तो मोठा करून बघितला. पेटलेला नव्हता.